कारीचा करीना आणि मिसिसिपीच्या खातेवह्या



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर विषय छापून आला तेव्हा काहींनी कार्यकर्त्यांना विचारलं म्हणे, भयकथा आणि ऐतिहासिक कागद एकाच संध्याकाळी कसे? शंका रास्त आहे. भुताखेतांच्या गोष्टी आपण गादीवर पडून वाचतो आणि जुने कागद जयंतीच्या भाषणापुरते काढतो. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, त्या गुरुजींच्या कपाटात नारायण धारपांच्या कादंबऱ्या आणि ‘शिवचरित्र साहित्या’चे खंड एकाच फळीवर असत, असं त्यांच्या घरच्यांकडून कळलं. मग हाच विषय घ्यायचं ठरवलं. त्या फळीवर पुस्तकं नुसती जागा नव्हती म्हणून शेजारी आली असतील, हेही शक्य आहे. तरी मला तो शेजार पटतो.

धारपांपासून सुरुवात करू, कारण इथल्या बहुतेकांनी ते वाचलेले आहेत. जन्म १९२५चा, निधन २००८ साली. ग्रंथालयातली त्यांची पुस्तकं नेहमी बाहेर गेलेली असत, आणि परत येत तेव्हा पानं सुटलेली असत. आपण धारप भराभर वाचले. रात्री सुरू केलं की पहाटेपर्यंत संपवायचं, मध्ये पाणी प्यायलासुद्धा उठायचं नाही, कारण स्वयंपाकघरात अंधार असे. धारप स्वतः मात्र अमेरिकन भयकथा बारकाईनं वाचणारे होते. त्यांची ‘शपथ’ स्टीफन किंगच्या ‘इट’वर बेतलेली आहे, आणि ‘आजी’ ही कथा किंगच्याच ‘ग्रॅमा’वरून आलेली. २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटात त्या ‘आजी’चा अंश आहे. म्हणजे अमेरिकेतल्या एका खोलीतली म्हातारी पुण्याच्या धारपांकडून कोकणातल्या वाड्यात जाऊन बसली. ही उसनवारी आहे असं म्हणून नाक मुरडणारे असतात. मला त्यात वाचनाची ताकद दिसते. दुसऱ्याच्या घरातली भीती आपल्या वाड्यात कुठे मावेल, हे ओळखायला ती कथा नुसती वाचून भागत नाही, तिचे सांधे मोजावे लागतात.

आता या अमेरिकन भयकथेची एक खोड सांगतो. ती कागदांवर जगते. एडगर ॲलन पोची १८३३ची एक कथा बाटलीत सापडलेल्या हस्तलिखिताची आहे. लव्हक्राफ्टची १९२८ साली ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात आलेली कथुलूची प्रसिद्ध कथा म्हणजे मेलेल्या प्राध्यापकाची टिपणं, वर्तमानपत्राचं कात्रण आणि एका खलाशाची रोजनिशी यांची चळत आहे. नथॅनिएल हॉथॉर्नचा पूर्वज सेलम गावच्या १६९२च्या चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होता. त्या वर्षी १९ माणसं फासावर गेली आणि एक म्हातारा अंगावर दगड रचून मारला गेला. हॉथॉर्ननं ‘यंग गुडमन ब्राउन’ लिहिली तेव्हा त्या खटल्याच्या कागदांतल्या बायकांची नावं तशीच उचलून कथेत ठेवली. नव्यानं सुचवलेल्या नावापेक्षा समन्सवर आलेलं नाव जास्त थंड असतं, हे त्याला कळलं होतं.

पण मला थांबायचं आहे ते विल्यम फॉकनरपाशी. त्याला कोणी भयकथाकार म्हणत नाही. ‘गो डाउन, मोझेस’ हे त्याचं पुस्तक १९४२चं. त्यातल्या ‘द बेअर’ या दीर्घकथेत आयझॅक मॅक्कॅस्लिन नावाचा सोळा वर्षांचा मुलगा घरच्या दुकानाच्या जुन्या खातेवह्या उघडून बसतो. मिसिसिपीमधली कापसाची जमीनदारी, गुलाम राबवणारं घराणं. वह्या लिहिल्या त्या त्याच्या बापानं आणि जुळ्या चुलत्यानं. पीठ, काकवी, खिळे, आणि त्याच ओळींत माणसं: कोण कधी विकत घेतलं, किती डॉलरला, कोणाशी लग्न लावलं, कधी मेलं. आपल्याकडच्या रोजकिर्दीसारखीच नोंद, त्यात विशेषणाला जागाच नाही.

युनिस नावाची बाई १८०७ साली न्यू ऑर्लिअन्सला विकत घेतलेली. १८३२च्या नाताळच्या दिवशी ओढ्यात बुडून मेली, अशी एक नोंद. काही महिन्यांनी दुसऱ्या भावाच्या अक्षरात दुरुस्ती: बुडाली नव्हे, तिनं स्वतःला बुडवलं. मग पहिल्या भावाचा प्रश्न, की गुलामानं जीव दिल्याचं कधी कोणी ऐकलं आहे का. दोघे भाऊ एकाच घरात राहणारे, पण हा वाद तोंडानं घालत नाहीत, वहीत घालतात. पुढच्या जूनमध्ये युनिसची मुलगी बाळंतपणात गेल्याची आणि तिला मुलगा झाल्याची नोंद. बापाचं नाव नाही. आजोबांच्या मृत्युपत्रात मात्र त्या मुलासाठी एक हजार डॉलर ठेवलेले.

आयझॅक पानं मागेपुढे करतो. हजार डॉलर कशाबद्दल? नाताळात ओढ्यात का? तारखा शेजारी ठेवल्यावर त्याला कळतं, की युनिसची मुलगी आजोबांचीच होती, आणि त्या मुलीच्या पोटचा मुलगाही आजोबांचाच. वहीत हे कुठेही लिहिलेलं नाही. सोळा वर्षांचा मुलगा सावकाश वाचतो म्हणून ते त्याला दिसतं, आणि एकवीस वर्षांचा झाल्यावर तो वडिलोपार्जित जमिनीवरचा हक्क सोडतो. मी वाचलेल्या सगळ्या भयकथांत या चार-सहा नोंदींइतकं अंगावर येणारं थोडं आहे. भूत नाही, वाडा नाही, आवाज नाहीत. कापसाचा हिशेब आहे.

मिसिसिपीच्या या वह्यांपासून आपलं भोर दूर नाही. शहरातून बाहेर पडलं की कारी. कान्होजी जेध्यांचं गाव, रोहिडखोऱ्यातलं. या जेधे घराण्याकडे एक शकावली होती. शके १५४० ते १६१९, म्हणजे १६१८ ते १६९७ या काळातल्या घडामोडी तिथी-वारासह त्रोटक टिपलेल्या. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात छापली गेली. शिवाजी महाराजांची जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, हे तिच्यामुळे पुढे आलं. त्यावर किती वर्षं वाद झाला ते तुम्ही जाणता. राज्य सरकारनं अखेर तीच तारीख मान्य केली.

माझी तक्रार अशी, की एवढ्या गाजलेल्या शकावलीतली आपण एकच ओळ वाचली. तारीख काढली, भांडण केलं, शकावली मिटली. आजूबाजूच्या ओळींत माणसं जन्मतात, मरतात, गड येतात, जातात, सगळं एकाच सुरात. संभाजी महाराजांच्या वधाची नोंदही तशीच येते, तिथी आणि मोजके शब्द, आणि लेखक पुढच्या नोंदीकडे वळतो. हा सूर वाचणाऱ्यालाच पेलायचा असतो. आपण त्या ओळीवर लगेच नाटकाचे संवाद आणि चित्रपटाचं संगीत चढवतो, मग ओळ ऐकू येत नाही.

जेध्यांचाच दुसरा कागद म्हणजे करीना, घराण्याची हकीकत. वतनाचा हक्क सिद्ध करायचा तर घराणं कुठून आलं, काय सोसलं, कोणाची चाकरी केली, हे सांगावं लागे. त्यात कान्होजींच्या जन्माची जी गोष्ट येते ती एखाद्या कादंबरीकारानं रचली असती तर आपण अतिरंजित म्हटली असती. बाप नाईकजी भावांच्याच हातून वतनापायी मारला गेला. तान्हं मूल देवजी महाला नावाच्या सेवकानं वाचवलं आणि मोसे खोऱ्यात बाजी पासलकरांकडे पोचवलं. तिथे ते वाढलं, पुढे पासलकरांचाच जावई झालं. मारेकरी चुलते, लपवलेलं मूल, डोंगरापलीकडचं आश्रयाचं घर. मुलाचं गाव आज भोर तालुक्यात आणि आसऱ्याचं खोरं वेल्ह्यात, ज्या तालुक्याला आता राजगड म्हणतात. मोसे खोऱ्याचा बराच भाग वरसगाव धरणाखाली गेला. त्या जलाशयाला बाजी पासलकरांचंच नाव आहे.

आपल्याला ही गोष्ट शौर्यकथेची प्रस्तावना म्हणून सांगितली जाते. एक पान उलटायच्या आधी जरा थांबून देवजीकडे बघा. करीना त्याला किती जागा देतो? मूल पोचवण्यापुरती. त्यानं रात्री कुठली वाट धरली, मूल रडलं तेव्हा काय केलं, मागे राहिलेल्या त्याच्या घरच्यांचं काय झालं, यातलं काहीही कागदाच्या कामाचं नाही, म्हणून कागदात नाही. तिथे भयकथेचा वाचक उपयोगी पडतो. त्याला अंधाऱ्या खोलीचं दार टाळून पुढे जाता येत नाही.

आता रांझे. हेही आपल्याच तालुक्यातलं गाव, खेडेबाऱ्याच्या तर्फेतलं. २८ जानेवारी १६४६ची तारीख असलेलं महाराजांचं पत्र, त्यांच्या उपलब्ध पत्रांतल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. महाराज तेव्हा सोळा वर्षांचेही झालेले नव्हते. गोष्ट शाळेतली मुलंही सांगतील: पाटलानं बाईवर अत्याचार केला, महाराजांनी त्याचे हातपाय तोडले. नाटकात ती बाई येते, रडते, न्याय मागते. पत्र काढून वाचा. बाई नाही. तिचं नाव नाही, तिची फिर्याद नाही, ती कोणाची कोण हेही नाही. बाबाजी गुजर पाटलाच्या हातून बदअमल झाला, एवढ्यात गुन्हा उरकला आहे. चौकशी झाली, खरं ठरलं, हातपाय तोडले. हे सगळं काही ओळींत. मग पत्र रेंगाळतं ते पाटीलकीवर. गोतातल्या सोनजी गुजरानं अर्ज केला, जखमी पाटलाला आपल्या हवाली करून घेतलं, होन भरले आणि पाटीलकी त्याच्या नावे झाली.

मला हे पहिल्यांदा नीट वाचताना खटकलं. नंतर कळलं, की तो कागद शिक्षेसाठी लिहिलेलाच नाही. तो सोनजीचा पाटीलकीचा पुरावा आहे, म्हणून घराण्यानं जपला आणि म्हणून आपल्यापर्यंत आला. न्याय झाल्याचं आपल्याला कळतं ते वतनाच्या कृपेनं. महाराजांच्या न्यायाला यानं उणेपणा येत नाही, उलट पाटलाचा मुलाहिजा न ठेवणारी ती नजर त्या कोरड्या ओळींतूनच जास्त ठळक दिसते. पण बाई कागदाबाहेर राहिली ती राहिली. तिला नाटकात नाव देऊन आपण ती जागा बुजवली आणि आपल्या मनाला बरं वाटू दिलं.

कोणी म्हणेल, कागदात नाही ते शोधत बसणं हा तुमच्या पुस्तकवाल्यांचा उद्योग. याला मेल्व्हिल उत्तर देतो. हर्मन मेल्व्हिलची ‘बेनितो सेरेनो’ ही कथा १८५५ साली मासिकातून आली. तिच्यामागे खरा दस्तऐवज आहे. अमासा डेलानो हा मॅसॅच्युसेट्सचा कप्तान १८०५ साली चिलीच्या किनाऱ्याजवळ एका स्पॅनिश जहाजावर मदतीला गेला, आणि ती हकीकत त्यानं १८१७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात कोर्टातल्या जबान्यांसकट दिली. मेल्व्हिलनं ती घेतली, वर्ष आणि जहाजाचं नाव बदललं.

कथा वाचताना दिवसभर काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. जहाजाचा स्पॅनिश कप्तान सेरेनो सदा घेरी आल्यासारखा, त्याचा काळा नोकर बाबो सावलीसारखा बाजूला. डेकवर माणसं कुऱ्हाडी घासत बसलेली. बाबो कप्तानाची दाढी करतो, वस्तरा गळ्यावर, आणि कप्तान थरथरतो. अमेरिकन पाहुण्याला हे इमानदार सेवेचं चित्र वाटतं. खरं असं, की गुलामांनी जहाज केव्हाच ताब्यात घेतलेलं आहे आणि हे सगळं पाहुण्यापुढचं नाटक आहे. पहिल्या वाचनात आपणही पाहुण्याइतकेच आंधळे असतो. ही कथा दुसऱ्यांदा वाचण्यासाठीच लिहिली आहे असं मला वाटतं, आणि दुसऱ्या वेळी तो वस्तऱ्याचा प्रसंग मी तरी एका दमात वाचू शकलो नाही.

शेवटी मेल्व्हिल काय करतो? कोर्टातली जबानी जोडतो, लांबलचक, कंटाळवाणी, सरकारी. आता उलगडा होणार म्हणून आपण सरसावतो. उलगडा होतो तो सेरेनोच्या तोंडून. बाबो पकडला गेल्यापासून एक शब्द बोलत नाही. त्याचं मुंडकं लिमाच्या चौकात खांबावर लावलं जातं, आणि कागदात त्याची बाजू म्हणून काहीही नाही. अनेक वाचक ती जबानी चाळून सोडतात, काही समीक्षकांनाही ती कथेला लागलेलं शेपूट वाटली. त्यांनी रांझ्याचं पत्र वाचायला हवं होतं.

सावकाश वाचायचं म्हणजे कसं, असं विचाराल. हार्वर्डमध्ये रूबेन ब्राउअर नावाचे प्राध्यापक विसाव्या शतकाच्या मध्याला हेच शिकवत. त्यांच्या एका निबंधाच्या शीर्षकातच मंदगतीनं वाचण्याची गोष्ट होती. आपल्याला हार्वर्डला जायला नको, आपल्याकडे मोडी होती. आधी ओळभर रेघ मारायची, मग तिच्याखाली अक्षरं टांगत न्यायची. शब्दांमध्ये अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्यानं ठरवायचं, आणि ते ठरवायला वाक्याचा अर्थ आधी लागावा लागतो. त्यामुळे मोडी वाचणारा प्रत्येक ओळीवर अडतो, मागे जातो, तर्क करतो, पुन्हा अडतो. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली ते उपकारच झाले, पण बाळबोधीत छापल्यावर आपल्याला वेग आला. मोडीत एका तासाला जेमतेम एक पान होई, आता आपण एका तासाला खंड चाळतो आणि सूचीत आपलं आडनाव शोधतो. आडनावं शोधणारे इथेही असतील. शोधा, त्यात काही वाईट नाही. सापडल्यावर त्याच्या वरची आणि खालची ओळही वाचा.

महजर, म्हणजे गोतसभेच्या निकालाचा कागद, वाचताना तर मजकूर संपला तरी थांबू नये. खाली गोतसभेची नावं असतात, अक्षर न येणाऱ्यांच्या पुढे निशाण्या असतात, कुणब्याचा नांगर, सुताराचं हत्यार. ज्या निकालासाठी एखाद्याला उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचं दिव्य करावं लागलं, त्याच्या साक्षीला गावातले बारा हात असे खाली उमटलेले दिसतात. ते सगळे त्या कढईभोवती उभे होते. पेशवाईतल्या कागदांत भुताळ्यांच्या बंदोबस्ताचे हुकूम आहेत, तेही असेच कामकाजी. सेलमचं समन्स आणि हा हुकूम शेजारी ठेवले तर दोन्हीकडचा कारकून सारखाच शांत दिसतो. चेटकाच्या संशयावरून छळ होऊ नये म्हणून महाराष्ट्राला कायदा करायला २०१३ साल उजाडलं, तोही नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर.

एक धोका सांगितला पाहिजे. भयकथेचा वाचक कागदाकडे वळला की त्याला जिथेतिथे रहस्य दिसू लागतं. तोरण्यावर मुक्कामाला गेलेल्या प्रत्येकाला मेंगाई देवीच्या देवळात कोणीतरी ब्रह्मपिशाच्चाची गोष्ट ऐकवतोच. गोष्ट म्हणून ती झकास आहे, बुधला माचीकडून वारा आला की आणखीच. तिला कागदाचा आधार शोधू नये, आणि कागदातल्या मोकळ्या जागेत ती नेऊन बसवूही नये. आयझॅक मॅक्कॅस्लिननं तारखा जुळवल्या, भुतं आणली नाहीत. कागदात बाई नाही, इथवर म्हणायला आधार आहे. ती कशी दिसत होती हे सांगायला नाही. रत्नाकर मतकरींच्या चांगल्या गूढकथांतही शेवटचं दार ते स्वतः उघडत नाहीत. ती शिस्त इतिहास वाचणाऱ्यानं त्यांच्याकडून घ्यावी.

कार्यकर्त्यांनी मला विचारलं होतं, की व्याख्यानानंतर इथे वाचकांची बैठक सुरू करायची तर काय वाचावं. माझी सूचना आहे, करीना घ्या, आणि एका बैठकीला एकच पान. सुरुवात खंडोजी खोपड्यांच्या पानापासून करा. अफजलखान आला तेव्हा कान्होजी पाच मुलांसह महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं, हे आपण अभिमानानं सांगतो. उत्रौलीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. खान मेल्यावर ते कान्होजींचं बोट धरून परत आले, अभय मिळालं, आणि पुढे महाराजांनी त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडवला. कान्होजींच्या शब्दाचं काय झालं, महाराजांनी त्यांना काय सांगितलं, हे करीन्यात आहे. ते मी आज सांगणार नाही, वाचा. वाचताना एवढं ध्यानात असू द्या, की करीना जेध्यांचा आहे, खोपड्यांचा नाही, आणि या खोऱ्यात दोन्ही घराण्यांची वतनं होती. कारीहून लोक येतीलच. उत्रौली तर भोरला लागूनच आहे, तिथल्यांनाही निरोप द्या, आणि पहिल्या बैठकीत आधी त्यांना बोलू द्या.